पिवळी सवत

"हरलात तर ही सवत घराबाहेर," बायकोनं वेल्डरबाबांना बजावलं. "मग तोंड पाडून बसायचं नाही."

"आणि जिंकलो तर?"

"तर राहू दे बापडी."

सवत म्हणजे दोन हातांत मावेल असा जाडजूड पिवळा डबा. कारखान्यातला वेल्डिंगचा रोबो या डब्यावरून चालायचा. कारखाना बंद झाला, रोबो भंगारात गेला. डबा तेवढा वेल्डरबाबांनी मागून आणला, उशाशी ठेवला आणि बोलणंच टाकलं. सुटीवर आलेल्या लेकीनं तो कॉम्प्युटरला जोडून त्यावर मोटारींच्या शर्यतीचा खेळ चालू करून दिला, तेव्हा कुठे त्यांना वाचा फुटली.

डब्यामागे एक पट्टी होती. ती बोटांनी अर्धवट दाबून धरायची. सुटली की रोबो जागच्या जागी थांबे. लेकीनं खेळातही तसंच ठेवलं होतं. आज पैजेची शर्यत तिच्याशीच होती.

"बाबा, वरात आहे का ही? पळवा की!" लेकीची बोटं कीबोर्डवर नाचत होती.

"अगं, नवी वाट आहे. आधी ओळख तर होऊ दे!"

रोबोलाही त्यांनी असंच, तान्ह्याला पाऊल टाकायला शिकवावं तसं शिकवलं होतं. आधी एक वळण, मग दुसरं. मग ठिणग्यांचा सडा पडे, अंगणभर फुलं सांडावीत तसा. आठवणींसरशी बटणांवरचा अंगठा सैलावला, जुनी लय हाताला गवसली. एकेक वळण घेत त्यांची मोटार लेकीच्या पुढे निघाली.

"बाबा, अहो, जिंकताय!"

शेवटचं वळण. एवढ्यात बायको खिडकी लावायला कॉम्प्युटरच्या पडद्यासमोरून गेली आणि बाबांची बोटं उघडली. मोटार थांबली. लेकीची सुसाट निघून गेली.

"थांबलात का? आई मध्ये आली म्हणून? खेळ आहे हा!"

"माणूस आडवं आलं की पट्टी सोडायची," ते ओशाळले. "हाताला खेळ कळत नाही गं."

बायको खिडकीपाशीच उभी राहिली.

"जेवायला हाका मारून घसा बसायचा माझा, तेव्हा नाही थांबलात ते!" मग आवाज उतरला. "राहू दे डबा. मीच आडवी आले."

"नाही. ठरलं ते ठरलं."

त्यांनी डबा काढला. लांबलचक केबल पीळ न पडता गुंडाळायची तर पलीकडे माणूस लागतं. कारखान्यात जोडीदार धरायचा. बायकोनं दुसरं टोक उचललं. ते वेटोळं घालत राहिले, आणि ती केबल ताणू न देता, त्यांच्या हाताच्या चालीनं, हळूहळू जवळ येत गेली.