दादाला सोड

शर्यतीच्या शेवटच्या फेरीत मी पहिली होते आणि दादा माझ्या मागच्या चाकांना चिकटून येत होता. बाकीच्या गाड्या केव्हाच मागे पडल्या होत्या. पुढच्या मोसमात प्रायोजक एकाच गाडीचा खर्च उचलणार होता. म्हणून बाबांनी सकाळी गॅरेजमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "तुमच्या दोघांत जो पुढे येईल, गाडी त्याची. दुसरा घरी."

तेवढ्यात रेडिओवर बाबांचा आवाज आला. "चिमे, दादाला सोड."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सायकल दादाला सोड. खिडकीजवळची जागा दादाला सोड. का, तर तो मोठा. माझी हयात गेली हे ऐकण्यात, आणि हा लाडोबा दरवर्षी माझ्याहून मोठाच! सकाळी दिलेला शब्द बाबांना संध्याकाळपर्यंतही पाळता येऊ नये?

"ऐकू येतंय ना?" बाबा ओरडले.

आमच्या घरात रेडिओसुद्धा सामाईक. माझ्या कानात जे पडलं, तेच दादाच्याही. त्यानं मला गृहीतच धरलं आणि शेवटच्या वळणावर बाहेरच्या बाजूनं सुसाट गाडी पुढे काढायला आला. मी वेग कमी करून जागा देणार, याची त्याला पक्की खात्री. आजवर दिलीच होती ना! मी वेग कमी केला नाही. नेहमीसारखी वळणाच्या बाहेरच्या कडेपर्यंत आले. त्याला रस्ताच उरला नाही आणि त्याची गाडी खडीत जाऊन रुतली.

मी जिंकले. आमच्या गॅरेजसमोर चिटपाखरू नव्हतं, सगळे खडीकडे पळाले होते. दादा धडधाकट होता, टायरला लाथा घालत होता. टायर बदलणारा मामा तेवढा मागे राहिला होता. त्यानं दोनदा टाळ्या वाजवल्या, आणि बाबा परत येताना दिसताच हात खिशात घातले.

"त्याला सोड म्हणालो होतो," बाबा लालबुंद होऊन म्हणाले.

"सोडला की. मागे."

"जीभ आवर. गाडी माझी आहे, कुणाला द्यायची ते मी ठरवीन."

मी गाडीचं सुटं होणारं स्टिअरिंग काढून काखेत मारलं आणि गाडीतून उतरले. बाबांनी ते दोन्ही हातांनी धरलं.

"सोड," ते म्हणाले.

मी सोडलं नाही.