सालीतला पाहुणचार

पाहुणे दोंडाईच्याहून पॅसेंजरने येणार होते, आणि त्यांच्यापुढे काय ठेवायचं हे मी आठ दिवस आधीच ठरवलं होतं. माझा हात लागलेलं काहीही नाही.

साल चौऱ्याण्णव, डिसेंबर. सप्टेंबरात सुरतेत प्लेगचं झालं आणि आम्हीही सगळ्यांसारखे पळालो. उधन्यातल्या आमच्या गल्लीत एकालाही काही झालं नव्हतं, पण गावाकडे ते ऐकायला कोणाला वेळ होता? सख्ख्या दिराने आम्हाला शेतातल्या खोपीत ठेवलं. बांधावर भाकरी ठेवायचा, हाक मारायचा आणि मी दिसायच्या आत निघून जायचा. मला त्याचा राग नाही. लेकराबाळांचा माणूस. दिवाळीनंतर आम्ही परत सुरतेला आलो.

आमच्या वर्षाचा साखरपुडा एप्रिलातच झाला होता. मुलगा कुंदन, लग्न माघात. आता त्याचे आईवडील 'सहज भेटायला' येत होते. सहज म्हणून कोणी एवढा पॅसेंजरचा प्रवास करत नाही. आणि आमच्यात सोयरीक मोडली असं तोंडाने सांगत नाहीत. घरात पाणी घेतलं तर टिकली. नाही घेतलं, तर समजायचं.

म्हणून मी परात मांडली. सालीसकट केळी. संत्री. टरफलांसकट भाजलेल्या शेंगा, उकडलेले शिंगाडे, तेही सालीतच. ग्लुकोज बिस्किटांचे दोन पुडे, न फोडलेले. बोरं आणली होती, पण बोराला साल म्हणावी अशी नसते, ती काढून टाकली. अंडंही देवाने बंदच करून दिलंय, पण विठ्ठलअण्णा, म्हणजे कुंदनचे वडील, माळकरी. स्वस्तात भरगच्च दिसावं म्हणून शेंगांचा ढीग मधोमध घातला, केळी कडेला कमानीसारखी लावली. रंग बरे दिसत होते.

शेजारची वऱ्हाडातली पुष्पाबाई दारातून डोकावली. "काय वं, पाव्हणे येऊन राह्यले का माकडं?"

"माकडं तरी खातील गं," मी म्हटलं.

ती हसली नाही. आत येऊन तिने एक केळं सरळ केलं आणि गेली.

पाण्यावर मी सगळ्यात जास्त विचार केला होता. माठ, तांब्या, पेला, सगळं आमचंच. मग सुचलं शहाळं. इकडे त्याला तरोफा म्हणतात. पाणी आणि भांडं दोन्ही झाडानेच केलेलं. तीन आणले. वर्षाचे बाबा, म्हणजे आमचे हे, लूमवर खाडा करून थांबले होते. पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत ते कापणार होते.

पाहुणे आले. धुरपदाबाईंनी, कुंदनच्या आईने, वर्षाला जवळ बसवून घेतलं, तिच्या वेणीचं कौतुक केलं. परात पुढे सरकवली तशा म्हणाल्या, "आम्ही जेवीसन उनूत, विहीणबाई." जेवून आलो. गाडीत कोण जेवतं?

विठ्ठलअण्णांचा हात मात्र सवयीने शेंगांकडे गेला. त्यांनी एक शेंग फोडली. बायकोने नुसतं पाहिलं. त्यांनी दाणे सदऱ्याच्या खिशात टाकले, जसं काही ते आधीपासून तिथेच ठेवायचे होते.

"बरं, पाणी तरी घ्या," हे म्हणाले आणि शहाळं मांडीजवळ घेऊन कोयता उचलला.

"तो कोयता घरचाच का, भाऊ?" धुरपदाबाईंनी हळूच विचारलं.

हात वर तसाच राहिला. आठ दिवस मी सालीचा विचार केला होता. कोयत्याला साल नसते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"उकळून घेते ना मी," मी उठले. "पाच मिनिटं."

"बसा हो." त्यांनी माझ्या पदराला हात घातला. पदराची भीती नव्हती त्यांना. "माझ्या मनात काही नाही. देवाशप्पथ. पण गावात आत्तापासून म्हणतात, सुरतची पोर आणली तर पंगतीला येणार नाही. पत्रावळी मांडून बसायचं का आम्ही एकट्यांनी? मी किती जणांच्या पाया पडू?"

मला भांडता आलं असतं. पण मी त्यांच्या जागी असते तर किती जणांच्या पाया पडले असते, हे मला सांगता येईना.

"यंदा लग्न राहू द्या, पुढच्या वर्षी पाहू," विठ्ठलअण्णा जमिनीला म्हणाले.

हे कोयता खाली ठेवायचंही विसरले होते.

धुरपदाबाईंनी परातीतलं एक संत्रं उचललं. मला क्षणभर वाटलं, खातील. त्यांनी ते सोललं, प्रत्येक फोडीच्या शिरा काढल्या, बिया काढल्या, लहान लेकराला देतात तशी एकेक फोड वर्षाच्या हातावर ठेवत गेल्या. वर्षा खात राहिली.

शेवटची फोड तिने त्यांच्यापुढे धरली. "एवढी घ्या ना, आत्याबाई."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मग वर्षाची बोटं त्या फोडीवर मिटवली आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरली.

"तू खा, बाई," त्या म्हणाल्या, आणि चपला शोधू लागल्या.