भाताच्या शितांनी चिकटवलेला डोंगर

मित्रांनो, मी एक जुना डोंगर आहे. कागदाचा. उंची विचारू नका, मलाच माहीत नाही. अंगावर बर्फ आहे, पायथ्याशी निळं तळं आहे, आणि माणूस एकही नाही. बहात्तर साली तुमसरच्या एका राइस मिलच्या कॅलेंडरवर मी छापला गेलो. तुलारामनं मला चिखल्याला, आपल्या गावी, नेलं आणि भाताच्या शितांनी मातीच्या भिंतीला चिकटवलं.

तुलाराम खाणीत कामाला. लहानपणी तो तापानं जायला टेकला होता. तेव्हा त्याच्या आईनं, सत्यभामाबाईनं, पचमढीच्या महादेवाला नवस बोलला : पोरगा वाचला तर डोंगर चढून त्रिशूळ वाहीन. पोरगा वाचला. लोहारानं त्रिशूळही करून दिला. पण आज जाऊ, उद्या जाऊ करता करता बाईचे गुडघे गेले. नवस तिचा, चढायचं तिनंच. रोज रडायची.

शेवटी तुलाराम माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "माय, हाच तो महादेवाचा डोंगर. इथूनच चढ."

आणि ती चढली! दर शिवरात्रीला उपास धरून कुंकवाचं बोट पायथ्यापासून वर न्यायची. मधे थांबून दम खायची. मी गांगरून जायचो. मी महादेवाचा? मला तर कुणी सांगितलं नव्हतं. पण कुणी इतक्या मायेनं हात लावला की नाही म्हणवत नाही.

अकरा वर्षांनी शेजारचा जागेश्वर पचमढीहून आला. प्रसाद द्यायला घरात शिरला आणि मला बघून हसला.

"काय वं काकी, हा कोनता डोंगर? तिथं बरफ कुठी हाये? जंगल हाये नुसतं. माह्या हातची केळी वांदरानं नेली!"

सत्यभामाबाईनं लेकाकडे पाहिलं. तुलारामनं मान खाली घातली.

"खाली नाव छापलं होतं, माय. दुसरंच होतं. म्याच कातरीनं कापलं."

"मंग मी अकरा वर्सं कोनाच्या डोंगरावर चढून राहिली होती रे?"

मलाही तेच विचारायचं होतं.

बाईनं जुना त्रिशूळ काढून राखेनं घासला. संध्याकाळी म्हणाली, "सुट्टी मांग. त्रिशूळ तू घेऊन जाय. जीव तुहा वाचला, तं पाय बी तुहेच लागतीन."

पुढच्या शिवरात्रीला तुलाराम गेला, चढला, त्रिशूळ वाहून आला. त्याचे सुजलेले पाय तिनं स्वतः तेल लावून चोळले.

आता माझं काय? सून चंद्रकला भिंतीला पांढऱ्या मातीचा पोतारा द्यायला आली. "हा काढून टाकू काय?"

"राहू दे. पाव्हना हाये तो. आपुनच नाव न विचारता घरात घेतलं. आता कुठी जाईन बिचारा?"

तेव्हापासून मला कुंकू नाही. चंद्रकला माझ्या कडेकडेनं पोतारा फिरवते. मी महादेवाचा नाही, मग कुणाचा? काही कळत नाही. मित्रांनो, भिंतीवरचं जुनं काही फाडण्याआधी जरा थांबत जा. आणि तुमच्यापैकी कुणाला माझं नाव ठाऊक असेल तर येऊन सांगा. पण हळू सांगा. म्हातारी बाजूलाच बसलेली असते.