शेजारच्या सीटचा ब्रेक

ड्रायव्हिंग शिकवायच्या गाडीत ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या. ही गोष्ट त्या दुसऱ्या ब्रेकची आहे, त्यामुळे ती मधेच थांबेल. जसं की आत्ता,

ब्रेक.

"मास्तर, माझं काही चुकलं का?"

शिकणाऱ्या बाई दातांच्या डॉक्टर. समोर रस्ता रिकामा.

"कुत्रा होता."

"कुठे?"

"गेला."

"मघाचाही गेलाच होता. माझ्या गाडीपेक्षा तुमचे कुत्रेच जोरात पळतात."

मास्तर हसले. तळहात पँटला पुसले. छातीत कुणीतरी इंजिन चालू ठेवून निघून गेलं होतं.

बाईंनी ते तळहात पाहिले. म्हणाल्या, "माझ्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एक समुपदेशक बसतात. भेटून बघा."

"मला काय वेड लागलंय?"

"माझ्याकडेसुद्धा लोक गाल टम्म फुगल्यावर येतात. आणि खुर्चीत बसून सांगतात, सहज आलो होतो."

ब्रेक.

घर. मास्तर सोफ्यावर, बातम्या चालू, उजवा पाय जमीन दाबतोय. समोरच्या गालिच्याला तेवढ्या जागी टक्कल पडलंय.

"अहो, सोफा उभाच आहे," बायको म्हणाली. "हवं तर हँडब्रेक ओढून देते."

"चेष्टा पुरे."

"झोपेतही दाबता. माझी पोटरी म्हणजे काय पेडल आहे?"

"अगं, पण मला झालंय काय? काहीच नाही!"

हे मात्र खरं होतं. अपघात नाही, साधा ओरखडा नाही. एखादी धडक बसली असती तर बरं झालं असतं, चारचौघांत कारण तरी सांगता आलं असतं. इथे नुसतंच वाटायचं. आता होईल. आता. आत्ता.

ब्रेक.

"दातवाल्या बाईंनी सांगितलेल्या त्या समुपदेशकांची वेळ घेतलीय," बायको म्हणाली.

"कुणी बघितलं तर? डोकं फिरलेल्या माणसाकडे गाडी शिकायला कोण येईल?"

"सांगा, दाढ दुखतेय. खाली दातांचाच दवाखाना आहे."

"मी नाही येत."

बायको त्यांच्यासमोर येऊन बसली. लग्नाआधी ती त्यांचीच विद्यार्थिनी होती, आणि हे ती भांडणात जपून वापरायची.

"पहिल्या दिवशी मला काय सांगितलं होतंत?"

"क्लच हळू सोड."

"त्याच्या आधी."

मास्तर रिमोट शोधू लागले.

"भीती वाटली तर मोठ्याने सांगायचं. पोटात दाबून स्टेअरिंगला हात लावायचा नाही. एवढ्या एका वाक्यावर मी लग्न केलं, अहो. नाहीतर तुमच्यात दुसरं होतं काय?"

मग मास्तर म्हणाले, "येतो. पण शिकवायच्या गाडीतून. आणि चालवायची तू."

"म्हणजे ब्रेक तुमच्याकडे."

"हो."

"चालेल."

ब्रेक. (मेडिकलपाशी.)

"कुत्रा?"

"कुत्रा."

ब्रेक. (वळणावर.) मागच्यांनी हॉर्नचा सपाटा लावला. बायकोने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडली, "दिसत नाही का? शिकाऊ आहे!"

"कोण शिकाऊ?" मास्तर चिडले.

"ते त्यांचं त्यांनी ठरवावं."

मास्तरांना हसू फुटलं. तेवढ्यात दवाखान्याचं फाटक आलं.

ब्रेक.

गाडी अर्धी फाटकात, अर्धी रस्त्यावर. बायकोने सवयीने क्लच दाबून धरला. इंजिन चालू. या वेळी ती काहीच बोलली नाही, आणि तिच्या टोमण्याची मास्तरांना फार उणीव भासली.

"बोल ना काहीतरी."

"मी काय बोलणार? ब्रेक तुमच्याकडे आहे."

मास्तरांनी आपल्या बुटाकडे पाहिलं. बूट दुसऱ्याच कुणाचा असावा तसा ब्रेकवर घट्ट रुतून बसला होता.

"अगं," ते म्हणाले. मग मोठ्याने, "मला भीती वाटतेय!"

"ऐकलं," ती म्हणाली. "वॉचमननेही ऐकलं."

वॉचमन खरंच बघत होता. बघता बघता त्याने फाटकाचं दुसरं दारही उघडून दिलं.

मास्तरांनी पाय उचलला. तिने क्लच हळू सोडला, शिकवल्याबरहुकूम, आणि गाडी आत सरकली.

"वाकडी लावलीस," मास्तर उतरताना म्हणाले.

"वरून खाली आलात की शिकवा."