माणूस थांबवून ठेवणारी पेटी

मी एक जुनी पेटी आहे. मेलेला माणूस थंड ठेवायची. मित्रांनो, तोंड फिरवू नका. तुमच्या आजोबांना ठेवायला कदाचित मीच आले असेन.

कळमेश्वरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. शेजारी आइस्क्रीमचे फ्रीजर बनत होते. पत्रा तोच, मशीन तेच. त्यांच्यावर रंगीत चित्रं चिकटवली, मला वरून काच बसवली. नागपुरातल्या एका वस्तीच्या मंडळानं मला विकत घेतलं. त्या दिवशी माझ्यापुढे नारळ फोडायला कोणी येईना. नगरसेवक भाषण ठोकून गेले, पण माझ्याजवळ उभं राहून फोटो काही काढला नाही.

मे महिन्यात मला उसंत नसे. पेटी होती म्हणून लेकीला बापाचं तोंड दिसलं, असं लोक म्हणत. काम झालं की मात्र मला गणपतीच्या मांडवाच्या बांबूंमागे ढकलून देत. पुसायचे कष्टसुद्धा कोणी घेत नसे.

यंदाच्या उन्हाळ्यात सकाळीच महादेवराव गेले. एसटीतले निवृत्त कंडक्टर. थोरला मुलगा जितेंद्र घरीच होता, धाकटा रोहित कॅनडात. रोहित येईपर्यंत ठेवायचं म्हणून मला बोलावलं. महादेवरावांना माझ्यात निजवलं, तेव्हा त्यांची बायको भागीरथाबाई म्हणाल्या, की यांना हे नको होतं. कोणासाठी थांबवू नका आणि डोळे दान करा, असं ते सांगत होते.

डोळे काही तासांतच द्यावे लागतात. त्यासाठी भागीरथाबाईंचा होकार पुरेसा होता. पण त्यांना विचारतो कोण? दीर गणपतराव म्हणाले, "लेखी हाय काय काही, वहिनी?"

लेखी काही नव्हतं. महादेवराव जेवताना विषय काढत, तर 'बाबा, अभद्र काहून बोलता' म्हणत जितेंद्र ताटावरून उठून जाई. आता तो म्हणाला, "रोहितले काय बिनडोळ्याचा बाप दाखवू?"

डोळे दिल्यावर चेहरा बिघडत नाही. हे तिथल्या एकाही शिकलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं, आणि फोन करून विचारायची कोणाला गरज वाटली नाही. चहा झाला. विमानाच्या वेळा पाहून झाल्या. दुपार टळल्यावर भागीरथाबाईंनी शेजारच्या सुमतीला नेत्रपेढीला फोन लावायला सांगितलं. आता उशीर झाला, असं तिकडून उत्तर आलं.

भागीरथाबाई उठल्या. त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि माझी पिन उपसून मुठीत धरली.

"आई, काय करून राहिली तू?"

"तुह्या बापाचं एक तरी आयकून राहिली. उचला त्याईले."

बाहेर ऊन मरणाचं होतं. वाद घालायला वेळच उरला नाही. दिवस मावळायच्या आत महादेवरावांना घाटावर नेलं. रोहितनं बापाला मोबाइलवर पाहिलं.

मित्रांनो, मला पुसत जा, नीट ठेवत जा. मंडळानं तेवढं करायलाच हवं. पण माझ्या भरवशावर राहू नका. मी अंग टिकवते, माणसाचा शब्द टिकवणं मला जमत नाही. घरातलं म्हातारं माणूस मरणाचं बोलायला लागलं, तर टीव्ही बंद करा, सगळ्यांना बसवा आणि त्याचं बोलणं पुरं होऊ द्या. वाटलं तर लिहून सही घ्या. त्यानं कोणी लवकर मरत नाही. माझ्यात निजलेल्या माणसाला काय हवं होतं, हे विचारत लोक माझ्याभोवती भांडताना मी पुष्कळ पाहिले. काचेतून उत्तर आलेलं एकदाही ऐकलं नाही.