सालीखालचा स्क्रू

ऑक्टोबर निम्मा सरला की सावाको जुनिपरची बोन्साय झाडं धुवायला घेई. दात घासायचा जुना ब्रश, कोमट पाणी आणि चिमटा. खोडाची जिवंत बाजू घासली की वरची भुरकट साल निघून आतली तांबूस दिसते आणि शेजारचं वाळकं पांढरं लाकूड उठून दिसतं. प्रदर्शनात परीक्षकांचे डोळे आधी तिथेच जातात. मग फांद्यांच्या पोटातली पिवळी पडलेली पालवी चिमट्याने एकेक उपटायची, म्हणजे हिवाळ्याआधी आतवर ऊन पोचतं. जपानातल्या ओमियाजवळच्या त्या गल्लीत कुरामोचींची, म्हणजे तिच्या घरची, बाग तीन पिढ्यांची, आणि हे काम सावाको शाळेत असल्यापासून करत आली होती.

त्या दिवशी तिच्यापुढे इसोबे डॉक्टरांचा जुनिपर होता. डॉक्टर दातांचे, आता निवृत्त. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी तो विकत घेतला आणि तेव्हापासून तो सांभाळायला इथेच होता. इतोइगावाच्या कड्यावर दोराला लटकून कुणीतरी काढून आणलेलं, तीनशे वर्षांचं झाड. आजवर ते वडील स्वतःच धूत आणि त्यांच्या आजारपणानंतर ते धुतलंच गेलं नव्हतं; पण नोव्हेंबरात ते मोठ्या प्रदर्शनात जाणार होतं.

मागच्या बाजूला, खोड पिळवटून वळतं तिथे सालीचा एक पापुद्रा सुटला आणि सावाकोचा ब्रश थांबला. जिवंत भाग आणि वाळकं लाकूड यांच्यामध्ये सरळ फट होती. नको तितकी सरळ. तिने डोळे बारीक करून पाहिलं. फटीच्या कडेला, सालीच्या आत, पिवळसर काहीतरी चमकलं. पितळ.

मेलेल्या झाडाच्या लाकडात खाच कोरायची, तिच्यात कोवळं रोप बसवून स्क्रूने आवळायचं, आणि म्हातारं झाड म्हणून मिरवायचं. धंद्यात अशा झाडाला तानुकी म्हणतात. रूप बदलून माणसांना फसवणाऱ्या त्या जनावराचं नाव. डॉक्टरांचं झाड तानुकी होतं.

तिच्या डोळ्यांपुढे पहिलं तोंड आलं ते तोबिताचं. अठरा वर्षांपूर्वी तो वडिलांकडे शिकायला आला आणि घरातलाच होऊन गेला. तीन वर्षांपूर्वी वडिलांना अर्धांगाचा झटका आला. सावाको आठ महिने दवाखान्याच्या फेऱ्या मारत होती आणि बाग एकट्या तोबिताच्या हातात होती. वडील घरी आले त्याच महिन्यात त्याने निरोप घेतला. "आता स्वतःचं काहीतरी करतो," एवढंच म्हणाला, तेही खाली बघून. शेजारच्याच गावात त्याने बाग काढली. एवढी जागा, एवढी झाडं, इतक्या लवकर कशी आली, हे तेव्हा तिने विचारलं नव्हतं. आता एकेक गोष्ट जुळत गेली. खरं झाड याने विकलं आणि आपल्याला हे सोंग देऊन गेला!

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती त्याच्याकडे गेली. तोबिता खत बदलत होता. थंडीआधीचं शेवटचं खत, वड्या करून कुंडीच्या कडेला ठेवायचं.

"अरे वा! आज इकडे वाट कशी काय वाकडी केलीस?" तो म्हणाला. "बस, पर्सिमनचं फळ कापतो. वस्ताद कसे आहेत?"

"बरे आहेत. जीभ अजून जड आहे." ती बसली, पण नजर फिरत होती. मागच्या शेडजवळ एका झाडावर जाळी टाकलेली होती. "ते काय झाकून ठेवलंय, तोबितासान?"

"जुनिपरच आहे. कोळी लागलाय. औषध मारलंय."

"बघू?"

तोबिताने सुरी खाली ठेवली. उठला आणि जाळी काढली. खाली वीतभर उंचीचं, साधंसं झाड होतं. सावाकोला ओशाळल्यासारखं झालं, पण तेवढ्याने संशय थोडाच जातो? दाखवायला हे ठेवलं असेल.

"इसोबे डॉक्टरांचं झाड धुवायला घेतलंय," ती सावकाश म्हणाली. "मागची बाजू जरा विचित्र वाटली."

तोबिताने जाळी पुन्हा झाडावर टाकली. मग म्हणाला, "स्क्रू किती खोल गेलाय?"

"मी स्क्रूचं नावही काढलं नाही!" सावाको ताडकन उठली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं. तुम्हीच केलंत हे!"

"तसं वाटणारच तुला."

"मग आणखी काय वाटायचं? तोंड वर करून सांगा ना, नाही केलं म्हणून."

"मी सांगितलं तर खरं मानशील?" त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तिला जास्तच राग आला. "घरी जा. स्क्रूच्या डोक्यावर लाकूड किती चढलंय ते बघ. माझ्या एकट्याच्या हातात झाड आठ महिने होतं, सावाको. झाडाला विचार. माझ्यावर कशाला विश्वास ठेवतेस?"

ती पर्सिमनला हात न लावता निघाली.

घरी येऊन तिने धारदार पात्याने फटीकडची साल नखाएवढी बाजूला केली. जिवंत लाकडाने स्क्रूचं डोकं जवळजवळ गिळलं होतं. जुनिपर वर्षाला केसाएवढा जाड होतो. भिंग लावून तिने थर मोजले. वीसपर्यंत ते नीट दिसले, पुढे एकमेकांत मिसळले. वीस वर्षांपूर्वी तोबिता या घरात आलाही नव्हता.

वडील, गेन्झो, ओसरीवर उन्हात बसले होते. सावाको समोर जाऊन बसली. काय विचारायचं हे तिने ठरवलं नव्हतं. वडिलांनी तिच्या हातातलं भिंग पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

"बाबा, कधी?"

"तू सहावीत होतीस." एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "प्रदर्शनाची घाई. भर उन्हाळ्यात... माती बदलली. मुळं छाटली. नको तेवढी."

"आणि मेलं."

"कळलंच नाही. मेलेला जुनिपर... तीन महिने हिरवा राहतो. डॉक्टर दोनदा आले. मेलेल्या झाडाचं कौतुक करून गेले." त्यांनी तोंड पुसलं. "मग त्यांची बदली झाली. सहा वर्षं. त्यात मी..."

"तोबितासानना कधी सांगितलंत?"

"नाही सांगितलं. त्याने ओळखलं. दवाखान्यातून आलो तेव्हा... माझ्याकडे नुसता बघत राहिला." मग ते म्हणाले, "डॉक्टरांना सांगू नकोस."

सावाकोने दोन दिवस कुणालाच काही सांगितलं नाही. वडिलांचा चेहरा आता तिला वेगळाच दिसायला लागला. हे हसले की वाटे, यातही काही दडवलेलं असेल का? बागेतल्या प्रत्येक जुनिपरच्या पाठीमागे जाऊन तिने बोटाने चाचपून पाहिलं. दुसरं तसं झाड सापडलं नाही. तरी रात्री झोप लागेना. तिसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना फोन केला.

इसोबे डॉक्टर आले आणि त्यांनी सगळं ऐकून घेतलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, त्या झाडासमोर उभा राहून फटीवरून हळूच बोट फिरवत होता; दाढ तपासावी तसं. रडतील असं सावाकोला वाटलं. ते वळले आणि शेजारच्या मांडणीकडे बघत म्हणाले,

"आणि इथली माझी बाकीची चार झाडं?"

"ती खरी आहेत, डॉक्टर. मी स्वतः पाहिली."

"तू पाहिलीस," डॉक्टर म्हणाले. त्यांनी चष्मा बदलला आणि एकेका झाडामागे जाऊन वाकून पाहायला लागले. त्यांना काही सापडलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी गाडी आली आणि चारही झाडं गेली.

"हे?" सावाकोने जुनिपरकडे बोट दाखवलं.

"याचं मी काय करू?" ते म्हणाले. "माझं झाड सव्वीस वर्षांपूर्वी मेलं. हे तुमचं आहे."

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. जुनी गिऱ्हाइकं 'सहज आलो होतो' म्हणून येऊ लागली. चहा घेताना गप्पा हवापाण्याच्या, आणि डोळे आपापल्या झाडाच्या खोडामागे. सावाको मुकाट्याने कुंडी फिरवून त्यांच्यापुढे करी. दोघांनी झाडं नेली. बाकीच्यांनी ठेवली, पण वर्षभरात एरवी येत नसत इतक्यांदा ते येऊ लागले.

नोव्हेंबरच्या अखेरीस तोबिता आला. सावाकोने दारातच वाकून माफी मागितली.

"पुरे, कंबर धरेल," तो म्हणाला. "परवा तुझं एक गिऱ्हाईक माझ्याकडे आलं होतं. विचारत होतं, ही मुलगी खरं बोलते का?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, बोलते. म्हणून तर झाडं गेली."

सावाकोला हसू आलं, महिन्याभरात पहिल्यांदाच. मग तिने विचारलं, "तुम्ही का नाही सांगितलंत मला? तीन वर्षं!"

"वस्तादांनी सांगावं असं वाटत होतं. आणि तू तेव्हा माझंच नाव घेतलं असतंस."

पहिलं गोठलेलं दहिवर पडलं आणि जुनिपरच्या पालवीवर तांबूस छटा आली. झाड आता कुणाचंच नव्हतं, म्हणून सावाकोने पहिल्यांदाच ते स्वतःच्या मनाने घडवायला घेतलं. ओसरीवर झाड आणि तार घेऊन ती बसली. वडील शेजारी बसून बघत होते. मागची खालची फांदी कापायला तिने कात्री लावली, तशी त्यांनी हात वर केला.

"ती नको."

सावाकोने कात्री थांबवली. "का? त्यात काही आहे?"

"नाही. आवडते मला."

तिने वडिलांकडे पाहिलं. कात्री बाजूला ठेवली, आणि तरीही फांदीच्या बुडाशी, सालीवरून, एकदा बोट फिरवून पाहिलं.