वाफ न धरणारा गॉगल

आमच्या ह्यांना एकच डोळा आहे. डावा आठ वर्षांपूर्वी लेथवर काम करताना गेला. लोखंडाचा तुकडा उडाला तो थेट आत. त्या जागी काचेचा बसवलाय, अनोळखी माणसाला पत्ताही लागत नाही. असं असताना गेल्या महिन्यात जेवता जेवता म्हणाले, "वर्कशॉपातली पोरं सुट्टीच्या दिवशी एअरसॉफ्ट खेळतात. मीही जाणार आहे."

खोट्या बंदुकांनी एकमेकांवर प्लॅस्टिकच्या बारीक गोळ्या मारायचा तो खेळ, हे कळल्यावर मी हातातला घास ताटात ठेवला.

"आहे तोही घालवायचाय का?"

दोन दिवस घरात धुसफूस चालली. पण ह्यांनी इतक्या वर्षांत स्वतःसाठी म्हणून काही मागितलं नव्हतं. शेवटी मी अट घातली, गॉगल मी पसंत करीन.

मी शाळांचे गणवेश शिवते. इलॅस्टिक आणि शिलाई माझ्या बोटांना कळते. आणि ह्यांचा डोळा गेला तो गॉगलचा पट्टा तुटला म्हणून. कारखान्याच्या स्टोअरमधून तो गॉगल माझ्या सख्ख्या भावानं दिला होता. दादा तिथं स्टोअरकीपर होता. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, चारचौघांत, मी त्याला नाही नाही ते बोलले. त्यानंतर त्याचं तोंड पाहिलं नाही. त्याच वर्षी तो दुसऱ्या कारखान्यात गेला, एवढं कानावर आलं.

ह्या खेळाच्या सामानाचं दुकान एका बाईचं होतं. स्वतः खेळणारी, हनुवटीवर गोळीचा वण होता. मी एकेका गॉगलचा पट्टा ताणून शिलाई बघत होते.

"ताई, पट्टाही बघा, पण आधी काच बघा," ती हसत म्हणाली.

ह्यांनी मात्र तारेच्या जाळीचा गॉगल उचलला. "हाच द्या. ह्याला वाफ धरत नाही."

"वाफ नाही धरत, पण ऐका. एकच डोळा आहे म्हणालात ना? मग या मागे."

दुकानामागच्या बोळात तिनं जाळीचा गॉगल एका फळीला बांधला, आत काळं कापड ठेवलं आणि दोन पावलांवरून गोळी झाडली. जाळी शाबूत राहिली. पण कापड काढलं तर त्यावर पांढरा चुरा, मीठ सांडावं तसा. मी बोट फिरवलं. टोचला.

"गोळी फुटली की हे आत येतं," ती म्हणाली. मग चेहऱ्याला चहूबाजूंनी गच्च बसणारा एक गॉगल तिनं बांधला. तीनदा झाडली. काचेवर नुसते ठिपके उठले, कापड कोरंच्या कोरं.

"हाच," मी म्हणाले.

"घालून बघा. आणि जागच्या जागी पन्नास उड्या मारा. मैदानात घाम येतोच."

पन्नाशीतला माणूस उड्या मारायला लागला तेव्हा मला हसू आलं. तिसाव्या उडीला काच आतून धुरकटली. ह्यांचा श्वास वाढला, उड्या थांबल्या, आणि हात आपोआप वर गेला. गॉगल कपाळावर.

"अहो!" बाई ओरडलीच. "मैदानात असं केलंत तर संपलं! काय वाट्टेल ते होवो, डोळ्यांवरून काढायचा नाही."

हे भिंतीला टेकले. चेहरा पांढराफटक पडला होता. "त्या दिवशीही असंच झालं," ते पुटपुटले.

"कुठल्या दिवशी?" मी विचारलं.

बाई गॉगल घेऊन गुपचूप आत निघून गेली.

"पट्टा तुटला नव्हता गं. वाफ धरली होती. दिसेना, म्हणून मीच वर केला. क्षणभरच."

"आणि मला काय सांगितलंत?"

"मी कुठं सांगितलं? तूच हॉस्पिटलात आल्या आल्या विचारलंस, दादानं दिलेला तो, पट्टा तुटला ना? मी मान हलवली. नंतर तू त्याला बोललीस... मग मला तोंडच उघडता येईना."

ते खरं होतं. मीच विचारलं होतं.

आम्ही काही न घेताच बाहेर पडलो. मी पुढे, हे चार पावलं मागे. कोपऱ्यावर मी थांबले. "दादाकडे जायचं. आत्ता."

"काय सांगणार त्याला?"

"मी नाही. तुम्ही सांगणार."

दार वहिनीनं उघडलं. मला बघून ती बाजूला सरली. दादा टेबलापाशी बिघडलेली इस्त्री उघडून बसला होता; केस सगळे पिकलेले. ह्यांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. दादानं ऐकून घेतलं, स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "गॉगल परत माझ्याकडेच जमा झाला. पट्टा धड होता. तो घेऊन मी हिच्या दारात आलो होतो. हिनं कडीसुद्धा काढली नाही."

कडी वाजत राहिली होती आणि मी शिलाई मशीन चालवत बसले होते, ते मला आठवलं. "दादा, माझं चुकलं," मी म्हणाले.

त्यानं ऐकलं नसावं असं वाटलं. तो ह्यांच्याकडे वळला. "कुठला घेताय मग?"

ह्यांनी जाळीचा आणि चहूबाजूंनी बंद, दोन्ही गॉगल सांगितले. दादा म्हणाला, "बंदच घ्या, पण दुहेरी काचेचा, त्याला वाफ कमी धरते. आत बारीक पंखा असलेलेही मिळतात. आणि तरी वाफ धरली, तर हात वर करून खाली बसायचं, कुणी बाहेर नेईपर्यंत. आंधळ्यासारखं बसावं लागलं तरी चालेल."

अर्धा तास दोघं काचा, पंखे आणि पट्ट्यांवर बोलत राहिले. मी दारापाशीच्या खुर्चीत होते. निघताना वहिनी हळूच म्हणाली, "येत जा." दादा पुन्हा इस्त्रीत डोकं घालून बसला होता.

पुढच्या आठवड्यात आम्ही पंख्याचा गॉगल आणला. सुट्टीला हे खेळायला गेले आणि धडधाकट परत आले. आल्या आल्या त्यांनी दादाला फोन लावला. मी स्वयंपाकघरात हातातलं काम तसंच ठेवून ऐकत होते. हे हसत होते, पलीकडून दादाही हसत असावा. हिच्याकडे फोन द्या असं तो म्हणाला नाही, आणि मागून घ्यायचं धाडस मला झालं नाही.